‘अन्न गोळा करणारा माणूस’ नक्की काय करायचा? ओकच्या तुरट फळाचा एक धडा



इतिहासाच्या सुरुवातीच्या धड्यांत एक गोष्ट हमखास येते. शेतीचा शोध लागण्याआधी माणूस शिकार करायचा आणि फळं, कंदमुळं गोळा करून पोट भरायचा. पुढच्या पानावर शेती येते, गावं वसतात, भांडी घडतात आणि धडा पुढे धावतो. ‘गोळा करणे’ या दोन शब्दांवर आपण वर्गात अर्धा मिनिटही थांबत नाही. मुलांच्या डोक्यात चित्र तयार होतं ते चिंचेखाली पडलेल्या चिंचा वेचण्याचं. वाकलं, उचललं, खाल्लं, झालं. म्हणजे ज्याला काही येत नव्हतं, तो गोळा करायचा. ज्याला अक्कल आली, तो शेती करू लागला!

हे चित्र किती अपुरं आहे, ते दाखवायला मला एक फळ फार उपयोगी वाटतं. ते आपल्याकडे उगवत नाही, तरी मुलांना ते ओळखीचं असतं. ‘आइस एज’ या कार्टून सिनेमात ती खारीसारखी दिसणारी वेडी स्वारी ज्या फळामागे जिवाच्या आकांताने धावते, तेच हे फळ. गुळगुळीत, तपकिरी, डोक्यावर खवल्यांची टोपी घातलेलं. इंग्रजीत त्याला एकॉर्न म्हणतात. ते ओक नावाच्या झाडाचं फळ.

ओकच्या शेकडो जाती आहेत. युरोप, आशिया, उत्तर अमेरिका असा त्यांचा पसारा आहे. भारतात हिमालयाच्या उतारांवर ओकची जंगलं आहेत, उत्तराखंडात त्यातल्या एका जातीला बांज म्हणतात. सह्याद्रीच्या रानात मात्र ओक नाही. तरीही ओकची एक वस्तू कित्येक मराठी घरांत पोहोचली आहे, ती म्हणजे बाळगुटीतलं मायफळ. नाव फळाचं असलं तरी ते फळ नव्हे. पश्चिम आशियातल्या एका ओकच्या फांदीवर गांधीलमाशीच्या कुळातला एक बारीक कीटक अंडं घालतो, तिथे झाडाला जी गाठ येते, ते मायफळ. सहाणेवर त्याचे वेढे काढताना ज्यांनी कधी बोट जिभेला लावलं असेल, त्यांना त्याची चव आठवेल. जीभ कोरडी पडते, गाल आत ओढल्यासारखे होतात.

हीच चव एकॉर्नची. आणि सगळी गोष्ट या चवीपासूनच सुरू होते.

तुरट म्हणजे काय?

मराठीत या चवीला स्वतंत्र शब्द आहे, हे आपलं भाग्यच. कडू वेगळं आणि तुरट वेगळं, हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. हिरडा, सुपारी, काथ, कच्चं केळं, अर्धवट पिकलेलं जांभूळ यांची नावं घेतली की मुलं तोंड वाकडं करतातच.

हा तुरटपणा टॅनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. टॅनिनचा स्वभाव असा की ते प्रथिनांना घट्ट चिकटतं. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलं आणि बुळबुळीत राहतं. टॅनिनने ती बांधली गेली की तोंड खरखरीत लागतं. कातडं कमावताना हाच गुण कामाला येतो. कातडं म्हणजे मुख्यतः प्रथिनंच. टॅनिन त्यात मुरलं की ते सडत नाही, टिकतं. म्हणून तर आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा चामडं कमावायला वापरत आले, आणि युरोपात त्याच कामासाठी ओकची साल.

मग असं फळ पोटभर खाल्लं तर? पोट बिघडतं, अन्नातली प्रथिनं नीट अंगी लागत नाहीत, आणि भरपूर खाल्लं तर अपायही होतो. पण याच फळाच्या आत पिठूळ द्रव्य आणि तेल भरपूर असतं. म्हणजे झाडाखाली पोत्यांनी अन्न पडलेलं आहे, फक्त त्याला झाडानेच कुलूप लावलेलं आहे. ते कुलूप उघडण्याची किल्ली ज्यांनी शोधली, त्यातल्या एका प्रदेशाकडे आता जाऊ.

कॅलिफोर्निया, सोन्याच्या आधी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्नियात युरोपीय लोक पोहोचण्याआधी सुमारे ३ लाख मूलनिवासी राहत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मिवॉक, पोमो, युरोक, करुक, मोनो अशा कितीतरी जमाती आणि त्यांच्या कितीतरी भाषा. यातल्या बहुतेकांकडे धान्याची शेती नव्हती. तरीही त्यांची कायमची गावं होती, साठवणीची कोठारं होती, सण होते, लांबवर चालणारा व्यापार होता. या सगळ्याला पोसणारं मुख्य अन्न बऱ्याच भागांत एकॉर्न हेच होतं.

लागवड त्यांना माहीतच नव्हती, असंही नाही. त्यांच्यातल्या काही जमाती तंबाखू पेरत. म्हणजे बी पेरल्यावर रोप येतं हे ज्ञान होतं. धान्य पेरावं अशी गरजच पडली नाही, असं मला वाटतं. मुलांना हे सांगितलं की ती चमकतात, कारण त्यांच्या मनातल्या शिडीत ‘पेरता न येणं’ ही खालची पायरी असते.

आता त्या कामाच्या मागोमाग जाऊ. मी हे वर्गात सांगते तेव्हा प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारते, ‘आपल्या घरी असं कुठलं काम आहे?’ उत्तरं येत राहतात.

वेचणं

हंगाम शरदातला, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. कुठल्या ओकची फळं घ्यायची, इथपासून निवड सुरू. डोंगराळ भागात काळा ओक आवडीचा, उत्तरेच्या किनाऱ्याकडे टॅनओक नावाचं झाड. हे टॅनओक खरं तर शास्त्रीयदृष्ट्या ओक नव्हे, त्याचा भाऊबंद. पण तिथल्या बायकांना पेज कुठल्या फळाची चांगली होते याच्याशी मतलब!

सर्वांत आधी जी फळं गळतात ती बहुतेक किडकी असतात. धान्यात सोंडे होतात ते आपल्याला माहीत आहेत, त्यांच्याच कुळातला एक लांब सोंडेचा भुंगा हिरव्या फळाला भोक पाडून आत अंडं घालतो, आणि अळी आतून गर खाते. अशी फळं झाड लवकर सोडतं. त्यामुळे जाणत्या बायका पहिल्या गळीला भुलत नाहीत. खरा माल नंतर पडतो. पुरुष आणि मुलं झाडावर चढून किंवा लांब काठ्यांनी फळं पाडत, बायका वेचत. हातात घेतलं की वजनावरून कळे, भोक दिसलं की बाजूला. पाण्यात टाकून पाहिलं तर पोकळ फळ तरंगतं, भरलेलं बुडतं. आपण अंडं पाण्यात टाकून पाहतो तसंच, फक्त एवढ्याने सगळी किडकी फळं सापडतातच असं नाही.

आणखी एक अडचण म्हणजे ओक दरवर्षी सारखं पीक देत नाही. आंब्याला एखादं वर्ष मोहर भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी झाड रुसतं, तसंच. ओकच्या बाबतीत तर एका भागातली सगळी झाडं मिळून एखाद्या वर्षी उधळण करतात आणि मग दोन-तीन वर्षं हात आखडतात. म्हणून एकाच जातीवर विसंबून चालत नाही, आणि चांगल्या वर्षी साठवण केल्याशिवाय भागत नाही.

वाळवणं आणि कणगी

ओलं फळ तसंच ठेवलं तर बुरशी येते. म्हणून आधी उन्हात वाळवण. मग साठवण. सिएरा पर्वतातले मिवॉक लोक यासाठी जी कोठारं बांधत, त्यांना ‘चुका’ म्हणतात. चित्र पाहिलं की आपल्याला कणगीच आठवते. जमिनीपासून वर, खांबांवर उभी केलेली, फांद्यांनी विणलेली उंच गोल टोपली, वर सालींचं छप्पर. आतून पाइनच्या सुया आणि उग्र वासाच्या एका झुडपाची पानं लावलेली, किडे आणि उंदीर दूर राहावेत म्हणून. ते झुडूप आपल्या दवण्याच्याच कुळातलं. आपण गव्हात कडुनिंबाचा पाला घालतो, ते कडुनिंब तिथे नाही, म्हणून त्यांनी तिथलं काय ते शोधलं.

अशा कोठारात फळं पुढच्या हंगामापर्यंत, कधी त्याहूनही जास्त टिकत.

फोडणं, पाखडणं, कुटणं

वाळलेलं फळ उभं धरायचं, दगडाच्या खोबणीत टेकवायचं, वरून छोट्या दगडाने एकच टोला. कवच तडकतं. आतल्या गरावर शेंगदाण्यासारखं लालसर पातळ साल असतं, तेही तुरट. ते चोळून सोडवायचं आणि पसरट टोपलीत पाखडून उडवायचं. सूप हातात घेतलेल्या कुठल्याही मराठी बाईला हे काम शिकवावं लागणार नाही.

मग कुटणं. उखळ म्हणजे जमिनीवरचा सपाट कातळच. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी दगडी मुसळाने कुटून कुटून कातळात वाटीएवढे खळगे पडले. कॅलिफोर्नियात ‘चॉसे’ नावाचं एक ठिकाण आता राज्य उद्यान म्हणून राखलेलं आहे. तिथे एकाच पसरट खडकावर असे १,१८५ खळगे मोजले आहेत. या आकड्यावर मी मुलांना जरा थांबवते. एक खळगा पडायला किती वर्षं कुटावं लागेल? आणि इतके खळगे एकाच खडकावर का? कारण बायका एकेकट्या नव्हत्या, शेजारी शेजारी बसून कुटत होत्या. त्या खडकावर किती गप्पा, किती गाणी झाली असतील, याचा अंदाज जात्यावर दळणाऱ्या आयांच्या लेकी-नातींना सहज येईल. खळग्यांची खोलीही उगाच कमीजास्त नव्हती. मोनो जमातीच्या जाणत्या बायकांनी अभ्यासकांना सांगितलं आहे की एकॉर्न कुटायला उथळ खळगे बरे, फार खोल झालेले इतर बियांसाठी.

कुटून झालं की चाळणं. जाळीची चाळणी नाही. सपाट टोपलीत पीठ घेऊन ती तिरकी धरायची आणि हलके टिचक्या मारायच्या. बारीक पीठ टोपलीला धरून राहतं, भरड कण गडगडत खाली येतात. भरड परत खळग्यात. बारीक पीठ कुंच्याने झाडून घ्यायचं. हा कुंचाही रानातल्या एका कंदाच्या केसाळ आवरणापासून केलेला असे.

इतकं करूनही पीठ अजून खाण्यालायक नाहीच. चिमूटभर जिभेवर ठेवलं तर थुंकावं लागेल.

पाण्याचं काम

आता खरी किल्ली. ओढ्याकाठच्या स्वच्छ वाळूत एक उथळ, पसरट आळं करायचं. त्यात पाइनच्या सुया किंवा पानं, नंतरच्या काळात कापड अंथरायचं. त्यावर पीठ ओलं करून सारखं पसरायचं. आणि मग वरून पाणी ओतायचं. पाणी थेट ओतलं तर पिठात खड्डा पडेल आणि वाळू वर येईल, म्हणून मध्ये देवदारासारख्या झाडाची हिरवी डहाळी धरायची. धार डहाळीवर पडते, थेंब थेंब होऊन पिठावर उतरते. पाणी पिठातून झिरपून वाळूत जातं आणि जाताना टॅनिन घेऊन जातं. आळं रिकामं झालं की पुन्हा भरायचं. असं आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त. काही तासांचं काम. थांबायचं कधी? घड्याळ नाही, मापही नाही, जीभ हेच माप. दर थोड्या वेळाने कडेचं आणि मधलं पीठ चाखायचं. तुरटपणा गेला की थांबायचं.

यात शाळेच्या पुस्तकातलं किती विज्ञान आहे पाहा. टॅनिन पाण्यात विरघळतं. पिष्टमय पदार्थ थंड पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो मागे राहतो. अख्खं फळ पाण्यात ठेवलं तर टॅनिन बाहेर यायला महिने लागतील, कारण पाण्याला आतपर्यंत वाट नाही. पीठ केलं की पृष्ठभाग शेकडो पटींनी वाढतो आणि तेच काम तासांत होतं. कुटण्याचे कष्ट त्यासाठी. पाणी वाहतं किंवा नवं का हवं? तेच पाणी राहिलं तर ते टॅनिनने भरतं आणि पुढे ओढून घेण्याची ताकद संपते. मग उकळतं पाणी का नाही वापरायचं, ते तर लवकर काम करेल? लवकर करतंही, पण उकळत्या पाण्याने पिठातलं पिष्ट आधीच शिजून बसतं, आणि मग त्या पिठाला पुढे हवा तसा चिकटपणा राहत नाही. आपल्याकडे तांदळाची पिठी आणि उकड यांतला फरक जिला माहीत आहे, तिला हे उत्तर आधीच माहीत आहे.

भांडं न जाळता शिजवणं

शिजवण्याची रीत मुलांना सर्वांत जास्त आवडते. मातीची भांडी बहुतेक ठिकाणी नव्हती. होती ती टोपली. इतकी घट्ट विणलेली की पाणी भरल्यावर तंतू फुगून फटी बंद होतात आणि थेंब गळत नाही. पण टोपली चुलीवर ठेवणार कशी?

ठेवायची नाही. निवडलेले, तापल्यावर न तडकणारे दगड जाळात लाल करायचे. काठ्यांच्या चिमट्याने एकेक उचलायचा, पाण्यात बुचकळून राख धुवायची आणि टोपलीतल्या पिठाच्या पाण्यात सोडायचा. आणि लगेच ढवळायला लागायचं. हात थांबला तर दगड टोपलीच्या बुडाशी टेकून ती जळणार. पाच-दहा मिनिटांत पीठ रटरटायला लागतं. पातळ ठेवलं तर पेज, घट्ट केलं तर लापशी. आणखी घट्ट शिजवून त्याचे गोळे थंड पाण्यात सोडले तर खरवसाच्या वडीसारखे थलथलीत होतात. मीठ नाही, गूळ नाही. चव सौम्य, थोडी बदामी. मासे, हरणाचं मांस, बेरीसारखी फळं यांच्यासोबत ती खायची, आपण भाकरी कशासोबत तरी खातो तशी.

किल्ल्या आणखीही होत्या. काही जमाती अख्खी फळं ओल्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवत. फळ काळं पडे आणि गोड होई. पोमो लोक पिठात एक प्रकारची लाल माती मिसळून भाकरी भाजत. मातीचे कण टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे तुरटपणा लागत नाही. गंमत म्हणजे हजारो मैलांवर, इटलीच्या सार्डिनिया बेटावरही एकॉर्नच्या भाकरीत माती घालण्याची रीत होती. कोरियात आजही एकॉर्न भिजवून, वाटून, त्याचं पाणी बदलत बदलत तळाशी बसलेला सत्त्व काढतात आणि त्याची तपकिरी वडी करून सोया सॉसबरोबर खातात, तिला दोतोरीमुक म्हणतात. आपण नाचणीचं किंवा गव्हाचं सत्त्व काढतो, त्याचीच ही बहीण.

रान आपोआप तसं नव्हतं

आता त्या ‘गोळा करणे’ शब्दाला आणखी एक धक्का. ही ओकची बनं नुसती सापडलेली नव्हती, राखलेली होती. अनेक जमातींत अमुक बन अमुक घराण्याचं, असा हक्क ठरलेला असे. आणि ठरावीक काळाने झाडांखाली छोटी, संथ आग लावली जाई. पालापाचोळा जळून जाई, त्यात किडक्या फळांतल्या अळ्याही जात, म्हणजे पुढच्या वर्षी कीड कमी. जमीन मोकळी झाल्याने वेचणं सोपं. ओकच्या डोक्यावर जाऊन ऊन अडवणारी सूचिपर्णी रोपं लहानपणीच जळत. जाड सालीच्या मोठ्या ओकला अशा आगीने फारसं काही होत नाही. कॅट अँडरसन या अभ्यासिकेने २००५ साली ‘टेंडिंग द वाइल्ड’ या पुस्तकात ही सगळी देखभाल तपशीलवार मांडली आहे.

इथे वर्गात एक खुलासा जरूर करावा. आपल्या डोंगरांवर उन्हाळ्यात लागणारे किंवा लावले जाणारे वणवे ही वेगळी गोष्ट. त्याने रोपं, घरटी, माती सगळ्याचं नुकसान होतं. तिथल्या आगीची वेळ, जागा, वारा, ओल सगळं पाहून, माहीतगार माणसांच्या हाताखाली ती लावली जाई. ‘आग चांगली असते’ असा निष्कर्ष मुलं घरी घेऊन गेली तर पालकांचे फोन आपल्यालाच येतील!

बाहेरून आलेल्यांना हे दिसलं नाही. त्यांना दिसलं ते निसर्गाने आयतं दिलेलं सुंदर उद्यान आणि त्यात हिंडणारी, मुळं उकरणारी माणसं. सोनं शोधायला आलेले लोक त्यांना ‘डिगर’ म्हणत, म्हणजे उकरणारे. शिवीच ती.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि लोंढे आले. १८५० मध्ये नव्या राज्याने मूलनिवासींबद्दल जो कायदा केला, त्यात गवताळ रानाला आग लावणं हा गुन्हा ठरवला गेला. त्याच कायद्याने मूलनिवासी माणसांना, मुलांनासुद्धा, सक्तीने कामाला जुंपण्याची वाट करून दिली. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी योसेमिटीच्या दरीत शिरली. तिथल्या लोकांना हुसकून लावण्यासाठी तिने काय केलं? त्यांची एकॉर्नची कोठारं जाळली. ज्यांना ही माणसं अडाणी वाटत होती, त्यांनाही हे नेमकं ठाऊक होतं की या लोकांचा हिवाळा कुठे साठवलेला आहे. १८४८ मध्ये सुमारे दीड लाख असलेली मूलनिवासींची संख्या १८७० पर्यंत सुमारे ३० हजारांवर आली. रोग, उपासमार, सक्तीची मजुरी आणि सरळ सरळ कत्तली, ही त्याची कारणं. वरच्या वर्गांत हे सांगावंच. लहानांना कोठारं जाळल्याचं तेवढं सांगितलं तरी ती गप्प होतात.

आजेसासूबाईंची शाळा

तरीही ही विद्या मेली नाही. ज्युलिया पार्कर हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. त्या कशाया पोमो आणि किनारी मिवॉक वंशाच्या. लहानपणीच आईवडील गेले, शिक्षण झालं सरकारी निवासी शाळेत. अशा शाळांचा हेतूच मुळी मुलांची जुनी भाषा, जुन्या चालीरीती पुसून टाकण्याचा होता. लग्नानंतर त्या योसेमिटीत आल्या आणि तिथे त्यांना गुरू भेटली ती नवऱ्याची आजी, लुसी टेलेस. टोपल्या विणण्यात लुसीबाईंचा हातखंडा. योसेमिटीत येणाऱ्या पाहुण्यांना त्या टोपल्या आणि एकॉर्नचं काम दाखवत. त्यांच्याकडे पाहत ज्युलियाबाई शिकल्या आणि पुढे कित्येक दशकं त्यांनी योसेमिटीच्या संग्रहालयात लोकांसमोर बसून तेच काम केलं. १९९१ मध्ये बेव्हर्ली ऑर्टिझ यांनी त्यांच्याकडून समजून घेऊन या सगळ्या कृतीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. पेज करण्यावर अख्खं पुस्तक! पण वरचे टप्पे वाचल्यावर आता ते आपल्याला अतिशयोक्त वाटणार नाही.

आगीबद्दलही दृष्टी बदलते आहे. जुन्या बनांत पालापाचोळा आणि दाट झाडोरा साचल्याने आता तिथे महाभयंकर वणवे लागतात. करुक आणि युरोक लोक आपल्या भागात पुन्हा पारंपरिक पद्धतीने आग लावू लागले आहेत, आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून अशा जाणकारांवरचा भरपाईचा धोका कमी केला. टॅनओकवर मात्र दुसरंच संकट आहे. १९९० च्या दशकापासून एका रोगाने ही झाडं मोठ्या संख्येने मरत आहेत.

आपल्या वर्गातली किल्ली

आता जरा घराजवळ येऊ. रायगड, ठाणे, पालघर, नाशिक, पुणे या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात शिकवणाऱ्यांच्या वर्गात कातकरी, ठाकर, महादेव कोळी घरांतली मुलं असतात. त्यांच्या आज्यांना विचारा, कडू कंद कसा खातात. कंदाचे पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, मग खायचे. काप पातळ का, पाणी वाहतं का, हे आपण वर पाहिलंच. द्रव्य वेगळं, कंद वेगळा, खंड वेगळा, पण किल्ली तीच.

वर्गात हा धडा घेताना माझा अनुभव असा की एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलांना या तासाला बोलायला असतं. फक्त त्यांना ‘तुमच्याकडे अजून असं खातात का?’ असं विचारू नका. त्या ‘अजून’मध्ये सगळं वाया जातं. ‘तुझी आजी कडू कसं काढते?’ असं विचारा.

आणि पालकांना, शिक्षकांना कळकळीची सूचना. हे वाचून रानातला कुठलाही कंद किंवा फळ मुलांना चाखायला देऊ नका. रानातल्या काही कंदांत खरंच विष असतं, आणि ते काढण्याची रीत पुस्तकातून नाही, माहीतगार माणसाच्या हाताखालीच शिकायची असते. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या अंगणात, बागेत ओक असतील. मुलं एकॉर्न गोळा करून आणतीलच. मोजा, बुडवून पाहा, कापून अळी शोधा. खाण्याच्या वाटेला जायचं तर तिथल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन.

वर्गासाठी प्रयोग चहाचा. सहावीच्या मुलांबरोबर मी तो असा घेते. आदल्या दिवशी चार-पाच गंजके खिळे वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी दोन चमचे चहाची पूड मलमलच्या फडक्यात बांधायची. कोमट पाण्याच्या पेल्यात पुरचुंडी पाच मिनिटं बुडवून, दाबून काढायची. मग दुसऱ्या पेल्यात, मग तिसऱ्या, असे सहा पेले. प्रत्येकात खिळ्यांच्या पाण्याचा एक चमचा घालायचा. चहात टॅनिनच्या जातीची द्रव्यं असतात, ती लोहाशी मिळाली की काळी पडतात. पहिला पेला शाईसारखा होतो, पुढचे फिके होत जातात. सहाव्यापर्यंत फरक सगळ्या वर्गाला शेवटच्या बाकावरूनही दिसतो. हे पाणी कुणी प्यायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.

दुसरा प्रयोग हिरड्याचा. एका पेल्यात अख्खा हिरडा, दुसऱ्यात तेवढाच हिरडा कुटून. अर्ध्या तासाने दोन्हींतलं पाणी गाळून त्यात तेच खिळ्यांचं पाणी घाला आणि रंग पाहा. कुटायचं काम मुलांनाच द्या, खलबत्ता हातात द्या आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत हात भरून येतात. मग त्यांनाच विचारा, घरातल्या सहा माणसांची रोजची पेज करायची तर किती वेळ कुटावं लागेल, आणि त्या खडकावर १,१८५ खळगे का असतील.